चाचणीपुरते बंद

“लसीच्या मेसेजची वाट बघू नको, येऊन विचारत जा,” आरोग्य उपकेंद्रातल्या आशाताई म्हणाल्या होत्या. दामिनीने हसण्यावारी नेलं होतं. आज खांडबारा स्टेशनवर बाळाला थोपटताना मागच्या बाकावरच्या दोन तरुणांचं बोलणं कानी पडलं.

“ललित, लसीच्या ॲपना मेसेज तू बंद करात?”

“चाचणीपुरता, भो! खऱ्या आयासले जावाले नको म्हणून.”

“मग तेच डिप्लॉय ब्रँचमा, लोकेसना फोनमा जास त्या कोडमा, कसं गयं? गावोगाव तीच चालू शे!”

“मन्हा हातून त्यामा मर्ज व्हई गयं, मिसळाई गयं. कोणीच तपासं नही.”

“इतला जण मिळीसन ॲप बनाडतस, आनि तपासाले कोणी नही?”

“आते चालू करस ना!”

“आनि ज्या पोरेसनी लस चुकनी, त्या?”

मेसेज आला नाही म्हणजे लसीची वेळ झाली नाही, असंच दामिनीने धरलं होतं. धानोऱ्याच्या मैत्रिणीला, शीलालाही हे ॲप तिनेच दिलं होतं, आणि शीलाचा फोन लागत नाही. हे वाचणारे तुम्ही धानोऱ्याकडे जात असाल, तर तिच्या बाळाला टोचलं का, एवढं विचारून याल?