नोरोआला चालायला शिकवणाऱ्या साहेबांना निरोप

सभेचे अध्यक्ष आणि आमच्या अतिऊ बेटाचे वडीलधारे पापा तेआरिकी, शेजारी बसलेले पाद्रीबाबा, ऑकलंडहून आलेले आजचे सत्कारमूर्ती सिनेमावाले रसेलसाहेब, त्यांची मंडळी, आणि मागे जेवण मांडता मांडता कान इकडे लावलेल्या माझ्या बायांनो, सगळ्यांना मातांगारो आजीचा नमस्कार.

पाहुण्यांचं कौतुक मी करायचं ठरलं, कारण ते सहा आठवडे माझ्याच घरी जेवले. माणूस गुणी आहे. ताट स्वतः उचलतो. नारळाच्या दुधातला मासा तीनदा मागून घेतो. हे कौतुक झालं. आता बाकीचं बोलते.

काल याच सभागृहात आपण सिनेमा पाहिला. अजून पुरता व्हायचाय म्हणे. म्हणजे शिलाई कच्ची आहे, असं मी समजते. माझ्या नातवाला, नोरोआला, साहेबांनी हिरो केलं. काय आनंद झाला होता मला! कोंबड्यांनासुद्धा सांगितलं. नोरोआ आणि त्याचा तुआकाना अकरा वर्षं एका घरात राहतात, एका वाफ्यात अळू लावतात, एकमेकांशी भांडतात, हे इथं कुणाला नवीन नाही. सुरुवातीला काही जण माझ्या अंगणावरून जाताना मान फिरवायचे. नावं घेत नाही, तेही आज जेवायला आलेत. साहेब म्हणाले, "आजी, अशा माणसाची गोष्ट सांगायचीय." सांगा की!

आणि मग काय केलं? तीन दिवस त्याला अंगणात चालायला शिकवलं! "नोरोआ, कंबर हलव. हात लोंबता ठेव. हसताना किंचाळ." अहो, पस्तीस वर्षांचा बाप्या तो, पाठीवर पोतं घेऊन टेकडी चढणारा. तुआकाना कुंपणावरून म्हणतो कसा, "साहेब, हा असा चालला असता तर पहिल्याच दिवशी चिखलात तोंडावर पडला असता!"

कानावर फूल खोचलं की लोकांना लगेच कळेल, असंही साहेबांचं म्हणणं. इथं ट्रकवालासुद्धा कानावर फूल खोचतो. पाद्रीबाबा, तुमच्या कानावर आत्ता काय आहे? असू द्या, असू द्या, काढू नका.

ते हसून सोडलं असतं. पण गोधडी? चार बायांनी दोन वर्षं बसून शिवलेली, लाल जास्वंदांची. ती या दोघांच्या बिछान्यासाठी शिवली होती. साहेब म्हणाले, घरातल्या प्रसंगाला हवी. दिली. काल पडद्यावर बघते तर तिच्यात गुंडाळलेलं नोरोआचं मढं! अशा गोधडीत आम्ही आपलं माणूस मातीला देतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. नवऱ्याला दिलं. नोरोआच्या आईला, माझ्या पोटच्या लेकीला दिलं. नातवाला देणार नाही. खोटं खोटंसुद्धा नाही. आणि हा गाढव नोरोआ मला आधी बोललादेखील नाही. घाबरला असेल.

आज सकाळी चहा ओतताना विचारलं, "साहेब, हा मेला कशानं?"

"समुद्रात चालत गेला, आजी. दुःखानं. जग त्याला आपलं म्हणत नाही."

"कुठलं जग? अर्धा सिनेमाभर ज्याला तुम्ही त्याच्या चालीवर हसायला बोलावलंत, तेच का?"

साहेब हळूच म्हणाले, "आजी, शेवटी माणसं रडली पाहिजेत."

मुलाकडे ऑकलंडला राहायचे तेव्हा मी असे सिनेमे पुष्कळ पाहिलेत. असा माणूस एक तर सगळ्यांना हसवतो, नाहीतर शेवटाआधी मरतो. मधलं कुठं जातं हो? दाढदुखी, गळकं छप्पर, चहात साखर कमी म्हणून दोन दिवस धरलेला अबोला? आमचा नोरोआ तर सगळा मधलाच आहे!

कोण ओरडलं मागून, "आजी, बस कर गं"? ऐकलंत? काल पुरलेला माणूस मला गप्प बसवतोय.

साहेब, मी ब्याऐंशी वर्षांची. नोरोआचे केस पिकलेले बघायला मी काही असणार नाही. तेवढं एक मला बघायचंय. तुमच्या पेटीत केस पांढरे करायचा रंग आहे ना? तुमचं विमान उद्या दुपारचं. सकाळी या, दोघांना म्हातारं करा आणि अंगणात बसवा. पुढचं शिकवावं लागणार नाही. साखरेवरून सुरू होतील. तोच शेवट करा.

नुसती मान हलवू नका, बोला. काय म्हणता, कॅमेरा बांधून ठेवलाय? मग सोडा की!

"येतो" म्हणाले! सगळ्यांनी ऐकलं ना? पापा तेआरिकी, तुम्ही साक्षी.

बरं. पाहुण्यांचे, अध्यक्षांचे, आणि चुलीपाशी घाम गाळणाऱ्या बायांचे आभार. कमी शिकलेल्या बाईची जीभ कुठं घसरली असेल तर पोटात घाला. रागावले, त्याची माफी मात्र मागत नाही.

आणि तुआकाना, उद्या दाढी करू नकोस. तीही पांढरी करायचीय.