खिळे ठोकलेल्या खिडक्या

अगं, आमच्या ऑफिसात खिडकीवरून काय झालं, ते सांगते. एसीसाठी साहेबांनी सगळ्या खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या. कोविडनंतरही तसंच. एकाला ताप आला की पाठोपाठ सगळे आजारी. माझ्या आईला तर कोविडपासून जिना चढतानाही धाप लागते.

मी म्हटलं, "सर, एक तरी खिडकी उघडू या."

"धूळ येईल, मॅडम."

मी लॅपटॉप उचलला आणि बाहेर गॅलरीत बसून काम सुरू केलं. साहेब रागावले, पण मी उठले नाही. थोड्या वेळाने आमचे शिपाई म्हात्रेकाका खुर्ची घेऊन आले. "आमी पन हितंच बसतो. घरी नातू लहान हाय."

मग एकेक करत बाकीचेही आले. संध्याकाळपर्यंत साहेब आत एकटेच. शेवटी बाहेर येऊन म्हणाले, "उद्या सुतार येतोय. आता तरी आत या."

म्हटलं, "येऊ की. उद्या, सुतार गेल्यावर."