आईच्या खोलीतल्या कॅमेऱ्याबाबत

मी, सिर्पा लाहतिनेन, वय ५४ वर्षे, धंदा शाळेच्या बसची चालक, राहणार बर्च स्ट्रीट, स्पूनर बे, ऑन्टारियो, आज ठाण्यात स्वतः हजर राहून सार्जंट मॅकेल्वी यांनी विचारल्यावरून सांगते की,

माझी आई हेल्मी, वय ८१, ही मागच्या वर्षापासून गावातल्या ग्रे लून निवास या वृद्धाश्रमात होती. अर्धांगाच्या झटक्याने तिची उजवी बाजू आणि वाचा गेली आहे. डोके शाबूत आहे. होकार द्यायचा तर ती डाव्या हाताने एकदा टकटक करते, नकार द्यायचा तर दोनदा.

तिला काही झाले तर लगेच कळावे म्हणून मी तिच्या खोलीसाठी कॅमेरा विकत घेतला. फोनवरून सांगितले की तो मान वळवतो आणि खोली मला माझ्या फोनवर दिसते. आश्रमाचा व्यवस्थापक ॲलिस्टर प्रिंगल याने तो माझ्या हातातून घेतला व म्हणाला, "आण इकडे, मी जोडून देतो. तू आपली बस चालव, हे आमच्यावर सोड." पासवर्ड त्यानेच घातला. मी त्याचे आभार मानले होते.

ऑक्टोबरात एके दुपारी बस उभी करून डबा खाताना मी फोनवर खोली पाहिली. कॅमेरा पलंगाकडे नव्हता. कोपऱ्यात आंघोळीची खुर्ची असते, तिकडे वळलेला होता. सेविका लिगाया मगबानुआ आईचे अंग पुसत होती. मी फोन पालथा ठेवला. डबा तसाच झाकला. कॅमेरा मी वळवला नव्हता.

संध्याकाळी मी लिगायाला विचारले. ती म्हणाली, "मी हातसुद्धा लावत नाही त्याला, ताई. उलट आजी आंघोळीला बसली की त्याच्यावर टॉवेल फेकते. मी टॉवेल राहू द्यायचे, तर प्रिंगल साहेब ओरडले. म्हणाले, मुलीची सक्त ताकीद आहे, झाकायचा नाही."

मी अशी ताकीद कधीही दिलेली नाही.

आम्ही मूळचे फिनलंडकडचे. आमच्या घरामागे सौना, म्हणजे वाफ घ्यायची खोली आहे. तिथल्या वाफेत आजी, आई, मावश्या आणि मी, सगळ्या उघड्या अंगाने एका बाकावर बसत आलो. अंगाची लाज आम्हाला कोणी शिकवली नाही. पण बाकावर शेजारी कोण बसले आहे ते दिसत असते. हे जबाबात लागत नाही असे सार्जंट म्हणाले. मी लिहायला सांगितले आहे.

रेमी त्रोतिए, वय ३८, माझ्या शेजारी राहतो. विशीत परक्या कॉम्प्युटरांत शिरल्याबद्दल तो तुरुंगात जाऊन आला, हे गावात सर्वांना माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी खंडणीखोरांनी दवाखान्याचे कॉम्प्युटर बंद पाडले, तेव्हा त्यानेच तिथे मुक्काम ठोकून ते सोडवले, हेही माहीत आहे. पण ते लोकांना सोयीप्रमाणे आठवते.

मी त्याला स्वयंपाकघरात बसवून फोन दाखवला. कॅमेऱ्याची नोंद पाहून तो म्हणाला, "दोन फोनांवरून बघितलं जातंय. एक तुझा. दुसरा फक्त आंघोळीच्या दिवशी जागा होतो."

"कुणाचा?"

"ते इथून दिसत नाही."

"मग शीर ना त्या फोनात. तुला काय अवघड?"

"अवघड काहीच नाही. कॉफी गार व्हायच्या आत शिरेन."

"मग शीर! माझ्या आईला नागवं बघतंय कुणीतरी, आणि तू सोवळं कसलं पाळतोस?"

तो म्हणाला, "शिरलो की चोर मी ठरतो, सिर्पा. आणि तो कोर्टातून हसत घरी जातो. तुझा कॅमेरा तू दाखवलास, म्हणून मी बघितला. दुसऱ्याच्या दाराला हात लावणार नाही."

मी त्याला नामर्द म्हटले. आणखीही बोलले. तो उठून गेला नाही. मी थांबल्यावर म्हणाला, "आपण आत नको जायला. त्याला बाहेर काढू."

त्याच्या सांगण्यावरून पुढच्या आंघोळीच्या दिवशी मी आश्रमात गेले. आईचे कपडे अंगावरच ठेवून तिला खुर्चीत बसवायला मी लिगायाला सांगितले. कारण सांगितले नाही. थोड्याच वेळात कॅमेऱ्याने मान वळवली. लिगाया पाठमोरी, टॉवेलांच्या घड्या घालत होती. मी खिशातला कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर लिहिले होते, 'शुक्रवारी नवा कॅमेरा बसवणार.' कागद परत खिशात घातला आणि खोलीबाहेर पडले. कोणाशी एक शब्द बोलले नाही.

मी बाहेरच्या दारापर्यंत पोहोचायच्या आत प्रिंगल त्याच्या खोलीतून बाहेर आला. हातात अर्धा खाल्लेला डोनट होता, ओठांना साखर लागली होती. म्हणाला, "सिर्पा, नवा कॅमेरा कशाला उगाच? जुना छान चाललाय की."

मी विचारले, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"लिगायानं."

लिगाया अजून खोलीतच होती. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो लाल झाला. मग हसून म्हणाला, "अगं, ऐंशीच्या पुढची बाई. कोण बघणार तिला?"

कोणी बघत होते, असे मी म्हटलेच नव्हते.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो कोट मी परत घातलेला नाही.

मी आईला त्याच दिवशी घरी आणले. दुसऱ्या दिवशी प्रिंगलने या ठाण्यात तक्रार दिली की रेमी त्रोतिए याने आश्रमाच्या कॅमेऱ्यांत घुसखोरी केली. पोलीस रेमीला आणि त्याच्या सगळ्या कॉम्प्युटरांना घेऊन गेले. दुकानात पाव घ्यायला गेले तर रांगेतला एकजण म्हणाला, "काय गं, तुझ्या आईचा सिनेमा निघाला म्हणे?" दोघे हसले. त्यांची मुले माझ्या बसने शाळेत जातात. मी पाव तिथेच ठेवून थेट ठाण्यात आले व वरील हकीकत तोंडी सांगितली. लिगायानेही येऊन सांगितले. नोकरी जाईल हे माहीत असून ती आली. नोकरी गेली.

त्यानंतर पोलिसांनी प्रिंगलचा फोन जप्त केला. त्यात माझ्या आईचे आणि आश्रमातल्या इतर बायकांचे चित्रण सापडले असे मला सांगण्यात आले. त्यांतली एक मला शाळेत शिकवायला होती. पोलिसांनी रेमीला सोडले आणि लपवलेल्या फाइली उघडण्यासाठी त्यालाच मदत मागितली. त्याने मदत केली. फाइली उघडल्यावर खुर्ची भिंतीकडे फिरवली व म्हणाला, "मी हे बघणार नाही. एखादी बाई अधिकारी बसवा." कोणी त्याची माफी मागितल्याचे मी ऐकले नाही. मी त्याला जे बोलले होते, त्याबद्दल मी मागितली आहे.

काल सार्जंट घरी आले. म्हणाले, खटला उभा राहिला तर ते चित्रण कोर्टात काही लोकांना पाहावे लागेल. मी म्हटले, "मुळीच नाही. जेवढ्यांनी बघितलं तेवढं बस झालं."

रेमी दारात उभा होता. म्हणाला, "तिला विचारा ना. कॅमेरा लावताना तिला कोणी विचारलं होतं?"

मीही विचारले नव्हते.

सार्जंटनी आईला विचारले. आईने माझ्याकडे पाहिले आणि एकदा टकटक केली. मी म्हटले, "आई, अनोळखी माणसं बघतील. वकील बघतील. तो स्वतः समोर बसलेला असेल." तिने टेबलावर मूठ आपटली. बशीतला कप खाली पडून फुटला. एकदाच आपटली. म्हणून मी हा जबाब देत आहे.

माझे सांगणे ठाण्याच्या ठरावीक भाषेत नव्हे, तर मी बोलले त्याच शब्दांत लिहून घेतले असून ते मला मोठ्याने वाचून दाखवले. वाचताना प्रिंगलच्या नावाआधी 'श्री.' लिहिलेले आढळले. ते मी सर्व ठिकाणी खोडायला लावले. बाकी मजकूर बरोबर आहे.