दुसरं बटण

डोळ्यांच्या दवाखान्यात पंख्याच्या वाऱ्यानं केसपेपरांचा ढीग विस्कटला होता. रिसेप्शनवरची बाई तो पुन्हा नंबरवार लावत बसली होती, पण कान समोरच्या बाकाकडे होते. डोळ्यांत थेंब घातलेले निवृत्त टपालवाले आणि त्यांना मोबाईलवर आपण बनवलेलं वेबपेज दाखवणारी लेक.

“पहिलं बटण दाबलं की या उभ्या पट्ट्या उंचीप्रमाणे लागतायत, बाबा.”

“मग ही बुटकी एकेक घर का सरकतेय?”

“शेजारणीशी उंची मोजतेय. चुकली तर अदलाबदल.”

“एवढ्या येरझाऱ्या? असं टपाल लावलं असतं तर लग्नाची पत्रिका पाळणा हलल्यावर पोचली असती!”

“तुम्ही कसं लावायचात?”

“आधी छोटे गठ्ठे लावायचे. मग दोन गठ्ठे शेजारी ठेवून, वरच्या दोन पत्रांतलं लहान घरनंबराचं उचलत जायचं.”

“आता दुसरं बटण दाबा.”

“दाबलं. पण थेंबांनी सगळं धूसर झालंय गं. तुला दोन गठ्ठे दिसतायत?”

“हो! डावीकडे पुढे उंच पट्टी, उजवीकडे बुटकी.”

“मग आधी बुटकी उचलणार.”

“उचलली, बाबा.”

“तिच्यामागची?”

“डावीकडच्या उंच पट्टीपेक्षाही उंच.”

“मग आता डावी.”

“आली!”

“अगं, हे तर माझंच काम!”

बाईनं हातातला ढीग खाली ठेवला आणि त्याचे छोटे छोटे गठ्ठे करायला घेतले.