मामीचं ड्रेसिंग टेबल, आरशासकट

नाही, पण एका शब्दानं विचारायला काय झालं होतं? बायको दोन दिवस बहिणीकडे काय जाते, परत येऊन बघते तर तिचं ड्रेसिंग टेबल स्वयंपाकघरात! आता तुम्हाला सांगतो, ऐकीव गोष्ट फुगवून सांगणारा मी नव्हे. हे मी ऐकलं गेल्या रविवारी, दुपारच्या जेवणाआधी, प्रत्यक्ष मामीच्या तोंडून. ती जेवणाच्या टेबलाशी पाय पसरून बसली होती आणि मामा आमच्याकडे पाठ करून कांदा चिरत होता. ही मांडणी ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मामा. उभा जन्म कारखान्याच्या भांडारात गेला. वाकडा खिळा दिसला की ठोकून सरळ करणार, डबीत ठेवणार आणि वर ठरलेलं वाक्य : "टाकायचं काय म्हणून?" छत्री फाटली? टाकायची काय म्हणून, तिच्या काड्या टोमॅटोच्या रोपांना! असा माणूस निवृत्त होतो तेव्हा काय होतं, सांगा... भांडार सुटतं आणि घर तावडीत सापडतं!

मामी दारातच थबकली. "अहो, हे काय?"

"ओटा अपुरा पडतो म्हणत होतीस ना?"

"म्हणून माझं टेबल? माझ्या वडिलांनी दिलेलं?"

"तुझंच आहे गं, कोण नाही म्हणतंय? फक्त इकडे राहायला आलंय. खण बघ किती! तोंडाला पावडर लावायला एवढे खण?"

आता मला सांगा, ज्या टेबलासमोर बसायचं असतं, त्यासमोर उभं राहून भाजी चिरता येते का? नाही येत! म्हणून सुताराकडून पायांखाली ठोकळे. कानातल्यांच्या खणात चमचे, फण्यांच्या खणात झारे, आणि पावडरच्या खणात... चहापत्ती! आठवडाभर त्या घरात गुलाबाचा चहा होता. हे ऐकीव नाही, मी स्वतः प्यायलो आहे.

आणि वर तो आरसा! जसाच्या तसा! "निदान तो तरी काढायचा होता," मामी म्हणाली. मामा म्हणाला, "टाकायचा काय म्हणून? उजेड दुप्पट होतो."

उजेड! पडला ना उजेड! पण तो कुणाच्या डोक्यात पडला, ते ऐका.

मामीला गर्व म्हणाल तर एकाच गोष्टीचा, हाताच्या चवीचा. लग्न झाल्यापासून ती ओट्याशी भिंतीकडे तोंड करून उभी, मंडळी मागे टेबलाशी, आणि पाठीमागून रोज आवाज येणार, "वा! काय भाजी झालीय!" त्या एका 'वा'वर, तुम्हाला सांगतो, त्या बाईनं तापात स्वयंपाक केला, पाहुणे झेलले, कधी कुरकुर म्हणून केली नाही.

तर त्या दिवशी ती ड्रेसिंग टेबलाशी वाढत होती. मागून मामाचा आवाज, "वा! आज तर कमालच!" मामीनं सहज मान वर केली... आणि आरशात काय? मामा डोळे मिटून काढा गिळावा तसा घास गिळतोय! मुलगा मांडीवर मिठाची बाटली लपवून ताटावर झटकतोय! सून, जिला मामी लेकीसारखी मानते ती सून, नवऱ्याला खूण करतेय : पाणी, पाणी! आणि तिघांच्या तोंडून एका सुरात, "वा!"

इतकी वर्षं? इतकी वर्षं हेच? पण लगेच वळली नाही. डाव भरला, मगच वळून मामाच्या ताटात उपडा केला. "घ्या ना आणखी."

"अगं, पोट फुटेल आता."

"मग उरलेली टाकायची काय म्हणून?"

मामाचा घास तोंडातच राहिला. त्यानं वर पाहिलं, आरशात पाहिलं, आणि सगळा उलगडा झाला. मुलाच्या हातातली बाटली खाली पडली.

"ऐका," मामीनं पंचा खुर्चीवर टाकला. "टेबल म्हातारं झालं, तुम्ही कामाला लावलंत. चांगलं केलंत. आता नवराही निवृत्त झालाय. तो तरी टाकायचा काय म्हणून?"

तेव्हापासून मामा चिरतो, मामा ढवळतो, मामा वाढतो. आणि मामी खुर्चीत बसून, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून, मोठ्यानं म्हणते, "वा!" मुद्दाम, आरशात बघून!

पण मी म्हणतो, यात माझा काय अपराध? रविवारी मी घास घेतला आणि संस्कारानं बोलून गेलो, "वा, मामा!" चेहऱ्याचं काय झालं ते मला कसं कळणार? मामाला कळलं. तो वळला, आणि माझ्या ताटात आणखी डावभर.

आता एकच बाब मला अजून पडताळता आलेली नाही. आरसा ठेवा, हे सुचवलं कुणी? मामा आधी म्हणाला, "मीच." मग म्हणाला, "थांब, सुतार म्हणाला होता बहुतेक." सुताराला ताटावरूनच फोन लावला, तर तो म्हणतो, "मी काढतच होतो, पण तुमच्या मामींचा बहिणीकडून फोन आला, आरसा राहू दे म्हणून." म्हणजे तिला आधीच...? मामीला विचारलं. ती आरशात बघून केस सारखे करत राहिली आणि म्हणाली, "आधी ताट संपव."

संपवलं. टाकणार कुठे?