मखमलीला कात्री लावण्याआधी

हॅलो?… हां, टेलरिंगचं दुकान, बोला… कोण? लिफ्टकाका! अहो, दुकानाच्या फोनवर कसे काय?… मोबाइल? सापडतच नाहीये सकाळपासून. एखाद्या गादीत शिवला गेला की काय, देव जाणे…

हॅलो? ऐकताय ना? मग 'हूं' तरी म्हणा. तुमचं मान हलवणं मला फोनवर दिसत नाही.

आवाज? मशीनचा. नाही नाही, बंद कशाला? मला दोन्ही जमतं. पाय मशीनवर, रिसीव्हर खांद्यावर आणि तोंड तुमच्यासाठी मोकळं…

आज कितव्या मजल्यावर? मी? दुसऱ्या… बरं, तिसऱ्या… चौथ्या, पण खिडकी बंद आहे! काका, जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्यात तुम्ही आणि मूड मजल्यांत सांगायची सवय लावलीत आपल्या सगळ्या गटाला. त्या बँकेतल्या मॅडम डॉक्टरांना फोनवर म्हणाल्या, "मी सध्या तळघरात आहे." तर डॉक्टर म्हणाले, "मग या की वर, दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे." हसा ना… हसलात? कळलं नाही.

झोप? झोपले की… काल नाही, परवा… परवाही नाही, पण पडले होते. डोळे उघडे ठेवून. काका, झोपेत किती वेळ वाया जातो हो माणसाचा!

गोळी? घेणारे. जरा उसंत मिळाली की.

गटावरचे मेसेज? हो, मीच टाकले… सगळे मीच… एवढे? तुम्ही मोजत बसलात?… पहाटेचे माझे कसे असतील, पहाटे तर मी… बरं. पहाटेचेही माझेच.

मग पाहिलेत ना फोटो? गाद्या! आपल्या गुरुवारच्या बैठकीतल्या खुर्च्यांसाठी. अहो, वाचनालयवाले खोली देतात हे उपकारच, पण त्या लोखंडी खुर्च्या! मूडच्या आजाराची माणसं आपण, घरातून निघतानाच अर्धा जीव गेलेला. त्यावर बसून मन मोकळं करायचं की कण्हायचं?

कापड? घरातलंच. ह्यांच्या पॅन्ट… सगळ्या नाही हो, काहीतरीच काय! एक ठेवलीये की… ती भिजत घातलीये… घर आणि दुकानाच्या मधल्या दारात उभे आहेत. टॉवेलवर. ऑफिसला उशीर होतोय म्हणतात. म्हटलं, आज घरून काम करा, कमरेखालचं कोण बघतंय!

अहो ऐका ना, खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक गादीला खिसा! पॅन्टचाच, आयता. आणि त्यात रुमाल. आपल्याकडे कोणी रडायला लागलं की काय होतं? शेजारची बाई पर्स उपसते, किल्ल्या निघतात, बिलं निघतात, रुमाल काही निघत नाही. तोवर रडणारी बिचारी थांबून राहते. आता नाही. हात खाली घातला की रुमाल!

चांगली आहे ना कल्पना?… बघा, तुम्हीच म्हणालात. म्हणून ठरवलं, आपल्यापुरतं कशाला ठेवायचं? सगळ्या दवाखान्यांत बाकांवर लोक ताटकळतात… कापड आहे की. समोरच अंथरलंय. मखमल. लालभडक… अहो, शाळेचा पडदा. शिवायला आलाय. शनिवारी नाटक आहे त्यांचं. पडदा नसला तर काय नाटक होत नाही? मुलं येतील की अशीच चालत…

कात्री? हातातच आहे. शिंपिणीच्या हातात काय करवत असणार?

काका, ओरडताय कशाला? तुम्ही तर कधी…

मागच्या वेळचं वेगळं होतं! तेव्हा लोकांचं कापड मी न विचारता कापलं… आता विचारलंय… म्हणजे विचारणार आहे. कापून झालं की… माहितीये मला वर्षभर दुकान बंद राहिलं ते. दुकान माझंच होतं!

काय लावताय? कसली क्लिप?… ती? नाही. काका, नाही हं. नियम मला शिकवू नका, नियम मीच केलाय. बरं असताना प्रत्येकाने स्वतःसाठी चार शब्द रेकॉर्ड करून ठेवायचे आणि गटातल्या आपल्या जोडीदाराकडे द्यायचे. पण गरज पडली तर लावायचे! मला कुठे गरज…

… कोण बाई ही?… मी? मी अशी बोलते? मध्ये मध्ये श्वास घेऊन?

…

काय म्हणाली? "आता तू म्हणशील, या वेळचं वेगळं आहे"… आगाऊच आहे!

… "कल्पना चांगली असेल, तर पुढच्या आठवड्यातही चांगलीच राहील"… हं. तोरा बघा बाईचा.

बंद करा काका. ऐकलं मी.

… नको. नका बंद करू. लेकीचं काहीतरी म्हणतेय.

…

… हो. जिन्यात. मागच्या वेळी शाळेतून आली आणि दप्तर मांडीवर घेऊन जिन्यातच बसून राहिली. घरात यायला घाबरत होती. मला घाबरत होती, काका. हे मी बोलून ठेवलंय? मला वाटत होतं, कोणालाच सांगितलं नाही.

… सकाळी तिचा फोन आला होता. हॉस्टेलवरून. म्हणाली, "आई, मशीनचा आवाज येतोय, तू झोपली होतीस ना?" आणि मी फोन कापला.

…

अहो. तुम्हाला नाही काका, ह्यांना. अहो, ही घ्या… कात्री. घ्या म्हणतेय ना, माझा विचार बदलायच्या आत!… धारेकडून नका धरू! आणि कुठे ठेवली ते मला सांगू नका. बटणांच्या डब्यात लहान कात्री आहे, तीही न्या… त्या मखमलीची घडी करा. टॉवेल सांभाळून!

दिली हो काका… हो, मशीनही बंद केलं. ऐका, येतोय आवाज? नाही ना… गोळी घेते, हे पाणी आणतायत. डॉक्टरांकडे आजच जाते… हे येतील बरोबर… घालतील हो भिजलेली.

… काही नाही. रडतेय जरा. थांबा, मी गादीवरच बसलेय… चालतो बरं का खिसा. हात घातला की… अगंबाई, मोबाइल!… आणि हा त्याच्याखाली रुमाल.

काका, तुमचा आवाज असा का येतोय? पांघरुणातून बोलल्यासारखा. आज कितवा मजला?… खरं सांगा. मी नाही का सांगितलं, चौथा का होईना!

… तळघर?… कधीपासून?… आंघोळ?… अहो काका! आणि तळघरातून मला फोन लावलात?

… "हूं" काय! आता माझी पाळी. तुमची क्लिप माझ्याकडे आहे, मोबाइलही सापडलाय… नको कसं? मला ऐकवलीत ना? नियम म्हणजे नियम. हा धरला रिसीव्हरजवळ. ऐका.

"खॅक्… खॅक्… हां. ऊठ. आंघोळ कर. टेलरताईला फोन कर."

… संपली? काका, एवढीच? मी तिकडे अख्खं भाषण ठोकलंय!

पण बघा, शेवटचं काम तुम्ही आधीच करून बसलात. आता पहिली दोनच राहिली. उठा… मी आहे फोनवर… हां, पलंग वाजला. शाबास. फोन घेऊनच जा. आणि नळ सोडा, मला ऐकू आलं पाहिजे. तुमच्या 'हूं'वर माझा विश्वास नाही.

…

… आला. पाण्याचा आवाज आला. बादली भरू दे, मी आहे.

… मी पडते आता. डोळे मिटून… आधी लेकीला फोन करते. तिला सांगते, कात्री बाबांकडे आहे. मग पडते… संध्याकाळी मी फोन करणार. तुम्ही नाही, पाळी माझी आहे.

भरली?… जा मग.

… काय?

…

… "टेलरताई, तुम्ही होतात म्हणून उठलो"… काका, वर्षभराचं बोलणं आज एकदम संपवलंत.

… हूं. ठेवते.