तीन कोटी मशीनं, एक एचपी

आबिड्सच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नर्सने पेसमेकरच्या ऑपरेशनचा कागद सहीसाठी दिला होता, पण त्यातल्या आजोबांनी, गुंडेरावांनी, तो मांडीवर तसाच ठेवला होता.

“त्रिवेणी, हे मशीन किती एचपीचं आहे?”

“अहो, डॉक्टर म्हणाले, पंचवीस मायक्रोवॅट.”

“चाळीस वर्षं कुकटपल्लीत पंपाच्या मोटरी दुरुस्त केल्या मी. मला एचपीत सांग.”

“एक एचपी म्हणजे सातशे शेहेचाळीस वॅट. थांबा, मोबाइलवर भागते. अशी जवळजवळ तीन कोटी मशीनं जोडली, तर एक एचपी होतो.”

“आणि माझ्या छातीत किती बसवणार?”

“एक.”

“नक्को मग. एवढ्यावर मी जिना कसा चढायचा?”

“जिना तुमचं हृदयच चढवणार. मोटर जुनीच राहते. हा नुसता स्टार्टर आहे. ठोका चुकला, की बटण दाबणार.”

“स्टार्टर?”

“हौ.”

“मग सकाळपासून मोटर बसवायची म्हणून का घाबरवलंस?”

“मोटर तुम्हीच म्हणत होता.”

“पेन दे. आणि डॉक्टरला विचार, वायर तांब्याचीच आहे ना.”